ड्रायव्हर चालतो, मग कागद कशाला?

लिनक्स कर्नलसाठी काम करणाऱ्या तरुण अभियंत्यांकडून एक तक्रार हमखास ऐकायला मिळते. ड्रायव्हर लिहून झाला, बोर्डावर चढवला, पंधरा दिवस बिनबोभाट चालला. आणि तरीही पॅच अडकून पडलाय. का? तर म्हणे बाइंडिंगचा दस्तऐवज नीट नाही. एका गुणधर्माच्या नावात एकक नाही, वर्णनात ‘ड्रायव्हर’ हा शब्द आलाय, दिलेलं उदाहरण तपासणीत नापास झालंय. ‘अहो, कोड बघा ना, कागदावर काय अडून बसलात!’ असा एकूण सूर असतो.

माझं मत याच्या अगदी उलट आहे. ड्रायव्हर आज एकाने लिहिला, तो उद्या दुसरा आणखी चांगला लिहील. पण एखादी चिप बोर्डावर कशी जोडली आहे, कोणत्या आकड्याचा अर्थ काय, ही माहिती ज्याने बोर्ड बनवला त्याच्या डोक्यात असते आणि तो नोकरी बदलतो, कंपनी बंद पडते, फाइल हरवते. मग ती माहिती कुणाकडेच उरत नाही. त्यामुळे हा ‘कागद’ मला कोडपेक्षा दुय्यम वाटत नाही.

या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी थोडं मागून सांगायला हवं. तुम्ही संगणकाला पेन ड्राइव्ह लावता तेव्हा तो स्वतःची ओळख सांगतो. मी अमुक कंपनीचा, माझा क्रमांक तमुक. यूएसबी आणि पीसीआय या जोडणीच्या पद्धतीच तशा आहेत. टेबलावरच्या संगणकात उरलेली माहिती एसीपीआय नावाच्या तक्त्यांतून मिळते. ते तक्ते मदरबोर्ड बनवणाराच भरून देतो. पण मोबाइल, वायफाय राउटर, सेट-टॉप बॉक्स, कारखान्यातला नियंत्रक यांच्या आत बसलेल्या बारीक चिपा मुक्या असतात. आय-टू-सी ही त्यांना जोडण्याची नेहमीची पद्धत. दोन तारा, एकीवर ठोके, दुसरीवर मजकूर. प्रोसेसर पत्ता पुकारतो, त्या पत्त्यावरची चिप ‘हो’ म्हणते, बस्स. सोळा-आधारी अंकपद्धतीतल्या ६८ या पत्त्यावरून ‘हो’ आलं, तर तिथे घड्याळाची डीएस१३०७ चिप असू शकते किंवा हालचाल मोजणारी एमपीयू६०५० सुद्धा. दोघींचा पत्ता एकच. कर्नलने अंदाज बांधायचा तरी कसा? कुणीतरी सांगावं लागतं.

पूर्वी हे सी भाषेतल्या कोडमध्येच लिहून ठेवत. प्रत्येक बोर्डाची वेगळी फाइल आणि तिच्यात कोणती चिप कुठे आहे त्याची यादी. एआरएम प्रोसेसरांचे बोर्ड वाढले तशा या फाइली इतक्या फोफावल्या की २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यावर जाहीर संताप व्यक्त केला. एकच गोष्ट शंभर जागी थोड्याफार फरकाने लिहिली जात होती. त्यावर उपाय म्हणून एआरएमच्या मंडळींनी डिव्हाइस ट्री स्वीकारली. ती कल्पना काही नवी नव्हती. सन कंपनीच्या यंत्रांमधून आलेल्या आणि १९९४ मध्ये आयईईई १२७५ या नावाने प्रमाण ठरलेल्या ओपन फर्मवेअरमध्ये ती होतीच. अ‍ॅपलचे जुने पॉवरपीसी संगणकही त्याच पद्धतीवर चालत. पॉवरपीसीच्या लिनक्सने २००५ च्या सुमारास तिचं सपाट, सुटसुटीत रूप वापरायला घेतलं आणि पुढे एआरएमने ते उचललं. डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या लिनक्स ३.७ पासून निरनिराळ्या कंपन्यांच्या एआरएम यंत्रांवर एकच कर्नल चालवणं शक्य होऊ लागलं. हार्डवेअरचं वर्णन कोडमधून बाहेर निघालं आणि वेगळ्या फाइलीत गेलं.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. डिव्हाइस ट्री म्हणजे एका विशिष्ट बोर्डाचं वर्णन. या बोर्डावर, या तारेवर, या पत्त्यावर घड्याळाची चिप आहे, तिची व्यत्यय-तार अमुक पिनेला जोडली आहे. बाइंडिंग म्हणजे त्या वर्णनात कोणते शब्द वापरायचे, त्यांचा अर्थ काय, कोणते सक्तीचे आणि कोणते ऐच्छिक, याचा ठराव. सातबाऱ्याचा उतारा हातात आला, पण ‘पोटखराब’ म्हणजे काय, त्यातलं ‘अ’ आणि ‘ब’ म्हणजे काय हेच ठाऊक नसेल तर त्या उताऱ्याचा उपयोग किती? डिव्हाइस ट्री हा उतारा आहे, बाइंडिंग हा त्या रकान्यांचा अर्थ सांगणारा नियम.

आता तीच घड्याळाची चिप घेऊ. बाइंडिंगमध्ये तिची ओळख ‘डॅलस,डीएस१३०७’ अशी नोंदलेली आहे. आधी कंपनी, मग स्वल्पविराम, मग चिपचं नाव. ही डॅलस सेमीकंडक्टर कंपनी २००१ मध्ये मॅक्सिमने घेतली, मॅक्सिम २०२१ मध्ये अ‍ॅनालॉग डिव्हायसेसने. कंपनीची पाटी दोनदा बदलली, नोंदीतलं नाव मात्र ‘डॅलस’च राहिलं. ते बदललं असतं तर जगभरातल्या जुन्या बोर्डांच्या वर्णनातली ओळख नव्या कर्नलला पटली नसती आणि त्यांची घड्याळं बंद पडली असती.

याच कुटुंबात डीएस१३३७ नावाची चिप आहे. नावावरून सख्खी बहीण वाटते. आळशी माणूस म्हणेल, दोघींसाठी ‘डीएस१३एक्सएक्स’ असं एकच नाव ठेवू. कर्नलच्या नियमांत याला साफ मनाई आहे, आणि ती बरोबरच आहे. डीएस१३०७ च्या सातव्या घरात नियंत्रणाचा आकडा असतो, डीएस१३३७ मध्ये तिथून गजराची घरं सुरू होतात. एकीसाठी लिहिलेला आकडा दुसरीत भलत्याच घरात जाऊन पडेल.

आणि डीएस१३३९ तर आणखी बोलकी आहे. वीज गेल्यावर घड्याळ चालू राहावं म्हणून या चिपांना एक छोटी बॅटरी जोडतात. डीएस१३३९ त्या बॅटरीला हळूहळू चार्जही करू शकते, त्यासाठी तिच्या आत २५०, २००० आणि ४००० ओहमचे रोधक आहेत. बोर्डावर चार्ज होणारी बॅटरी आहे, सुपरकपॅसिटर आहे की साधा बटणसेल, हे चिपला कळत नाही, ड्रायव्हरलाही नाही. बटणसेल चार्ज करायला घेतला तर तो फुगतो, गळतो. म्हणून रोधकाचं मूल्य सांगणारा एक गुणधर्म बाइंडिंगमध्ये आहे, नावातच ‘ओहम’ हे एकक धरून. जोडलेली बॅटरी चार्ज होणारी आहे की नाही हे सांगणाराही आहे. याआधी एक वेगळा शब्द होता, चिपच्या आतला डायोड वापरू नका असं सांगणारा. तो शब्द काढून टाकलेला नाही, ‘आता वापरू नये’ असा शेरा मारून तसाच ठेवलाय. नव्या शब्दाने काय साधलं ते पाहा. जुना शब्द चिपच्या आत काय करायचं ते सांगत होता, नवा शब्द बोर्डावर वस्तुस्थिती काय आहे ते सांगतो. काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

वर्णनात ‘ड्रायव्हर’ किंवा ‘लिनक्स’ हे शब्द येऊ नयेत या नियमामागे हाच विचार आहे. तापमान दर दहा सेकंदांनी वाचावं, ही हार्डवेअरची माहिती नव्हे, ती वापरणाऱ्याची इच्छा. ती कर्नलच्या सेटिंगमध्ये जाऊ दे. चिपला ३.३ व्होल्ट कोणत्या रेग्युलेटरकडून मिळतात, ही माहिती. ती बाइंडिंगमध्ये हवी, आणि ड्रायव्हर आज ती वापरत नसला तरी हवी. नवख्यांना हे पटत नाही. जे कोड वाचतच नाही ते लिहायचं कशाला, असं त्यांना वाटतं. पण हे वर्णन एकट्या लिनक्सच्या मालकीचं नाही. यू-बूट ते वाचतं, फ्रीबीएसडी वाचतं. म्हणून तर बाइंडिंगचे नवे दस्तऐवज जीपीएल आणि बीएसडी अशा दुहेरी परवान्याखाली द्यावेत असा आग्रह असतो. अ‍ॅपलने २०२० मध्ये एम१ चिपचे संगणक आणले, त्यांच्या हार्डवेअरची माहिती बाहेर दिली नाही. स्वयंसेवकांनी चाचपडत, मोजत ती शोधून काढली आणि शोधलेलं सगळं कर्नलच्या बाइंडिंगमध्ये नोंदवत गेले. त्यातल्या पीसीआयई भागाचं वर्णन लिहिणारे मार्क केटेनिस हे ओपनबीएसडीचे विकासक. म्हणजे एका प्रणालीचा माणूस दुसऱ्या प्रणालीच्या भांडारात येऊन नोंद लिहितो, कारण यंत्र एकच आहे आणि त्याचं वर्णनही एकच असायला हवं. मला हे दृश्य फार आवडतं.

नोंद नसली की काय होतं याचा एक अनुभव सांगतो. एका पॅकिंग यंत्राच्या नियंत्रक बोर्डाचं काम माझ्याकडे आलं होतं. बोर्ड पुरवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. यंत्र ठणठणीत होतं, पण ते नेटवर्कला जोडलेलं आणि त्यातला कर्नल जुनाट, तो बदलणं भाग होतं. मूळ स्रोत कुणाकडेच नव्हता. बोर्डावर डिव्हाइस ट्रीची यंत्राला वाचता येणारी फाइल होती. डीटीसी नावाच्या साधनाने ती उलटी फिरवून माणसाला वाचता येईल अशी केली. मिळालं काय? एका चिपच्या नोंदीत त्या कंपनीचे दोन खासगी गुणधर्म. ‘मोड’ समोर ३. ‘डिले’ समोर २०.

वीस काय? मायक्रोसेकंद, मिलिसेकंद, की घड्याळाचे ठोके? मोड तीन म्हणजे काय, आणि एक-दोन काय होते? फाइल उलटी फिरवताना आकडे परत येतात, टिपा येत नाहीत. ऑसिलोस्कोप लावून आठवडाभर बसल्यावर उलगडलं की वीस म्हणजे दहा-दहा मिलिसेकंदांचे वीस तुकडे, एकूण २०० मिलिसेकंद. मोड तीनचा अर्थ शेवटपर्यंत लागला नाही. तीनच ठेवलं. आजही तिथे तीनच आहे आणि यंत्र चालतंय. कर्नलच्या नियमांप्रमाणे त्या गुणधर्माच्या नावाला ‘एमएस’ किंवा ‘यूएस’ असं एककाचं शेपूट लावावं लागलं असतं, तर माझा आठवडा आणि त्या कारखानदाराचे पैसे वाचले असते. दोन अक्षरांचा प्रश्न होता.

आपल्याकडे अनेक जुन्या घरांत ट्रंकेच्या तळाशी एखादी सनद किंवा इनामपत्र असतं, मोडीत किंवा फारसीत. कागद शाबूत, शिक्का शाबूत, वाचणारा नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात तर असे रुमालच्या रुमाल आहेत. त्या अर्धवट नोंदीकडे पाहताना मला तेच आठवत होतं. फरक इतकाच की मोडी शिकता येते. ‘मोड तीन’ शिकवणारा कुठून आणायचा?

यावर नेहमीचा प्रतिवाद असा की चिपची डेटाशीट असतेच की, पुन्हा वेगळा दस्तऐवज कशाला? एक तर अनेक डेटाशीट गोपनीयतेच्या करारामागे दडलेल्या असतात. दुसरं म्हणजे डेटाशीट चिपला काय काय जमतं ते सांगते. बोर्ड बनवणाऱ्याने त्यातलं काय निवडलं, कोणती पिन मोकळी सोडली, कोणता रोधक लावला, हे ती कशी सांगणार? बाइंडिंग त्या निवडीला शब्द देतं.

कर्नलच्या बाजूने एक वचनही आहे. बाइंडिंग एकदा स्वीकारलं की ते करारासारखं धरायचं. आज बोर्डाबरोबर दिलेली डिव्हाइस ट्री उद्याच्या नव्या कर्नलवरही चालली पाहिजे. हे वचन दर वेळी पाळलं गेलंय असं नाही, मोडल्याची उदाहरणं आहेत. पण वचन आहे म्हणूनच ते मोडलं तर कुणी जाब विचारू शकतं. आणि करार म्हटल्यावर सहीआधी नीट वाचणं आलंच. पॅचच्या मालिकेत बाइंडिंगचा पॅच वेगळा हवा आणि तो ड्रायव्हरच्या आधी हवा, हा क्रम त्यातूनच आलाय. आधी ठराव, मग अंमल.

पूर्वी हे दस्तऐवज साध्या मजकुराच्या फाइलींत असत. ज्याला जसं सुचेल तसं लिहायचं. काही उत्तम, काही दोन ओळींचे. त्यांत दिलेली उदाहरणंच चुकीची असत, आणि लोक उदाहरणच उचलून चिकटवतात. २०१८-१९ पासून रॉब हेरिंग यांच्या पुढाकाराने हे सगळं यॅमल स्वरूपातल्या, यंत्राला तपासता येणाऱ्या रचनेत आणलं जातंय. आता दस्तऐवजातलं उदाहरण खरोखर कम्पाइल होतं, आणि एखाद्या बोर्डाचं वर्णन ठरावाबाहेर गेलं तर साधन तिथल्या तिथे बोट ठेवतं. कागद स्वतःच पहारेकरी झाला. जुन्या मजकुराच्या फाइली मात्र अजूनही पुष्कळ शिल्लक आहेत.

या व्यवस्थेत खोट नाही असं मी म्हणणार नाही. यॅमलमध्ये एका मोकळ्या जागेने घोटाळा होतो. तपासणी साधनाचे चुकीचे इशारे इतके आडवळणी असतात की नवख्याला वाटावं, आपल्याला कोड्यात टाकलंय. ‘जास्तीचे गुणधर्म चालणार नाहीत’ हे सांगायचे दोन वेगवेगळे शब्द आहेत, आणि कुठे कोणता वापरायचा हे समजायला मलाही वेळ लागला. परीक्षक मोजके, पॅच ढीगभर. त्यामुळे उत्तरं एका ओळीची येतात आणि ती एक ओळ कधी कधी बोचते. चार-पाच आवृत्त्या परत आल्यावर एखादा मुलगा कायमचा निघून जातो. कडकपणा हवाच. पण ज्याला तो लावायचा त्याला आधी वाट दाखवणारा कुणी हवा, आणि ते काम सगळं त्या मोजक्या परीक्षकांवर टाकणं योग्य नाही. ज्या कंपन्या या कर्नलवर धंदा करतात त्यांनी आपल्या अनुभवी माणसांचे आठवड्यातले काही तास यासाठी मोकळे करावेत.

आपल्याकडची अडचण आणखी निराळी आहे. पुण्यात चिप आणि बोर्डांवर काम करणारे अभियंते पुष्कळ आहेत. पण कामाचा हिशेब ‘बोर्ड सुरू झाला का’ इथे संपतो. गिऱ्हाइकाला द्यायच्या यादीत बाइंडिंग नसतंच. म्हणून ड्रायव्हर कंपनीच्या खासगी भांडारात राहतो, गुणधर्मांची नावं ज्याला जी सुचली ती, आणि प्रकल्प संपला की सगळं एखाद्या बंद सर्व्हरवर. कंपनीला वाटतं वेळ वाचला. पुढच्या कर्नलवर जाताना तोच वेळ दुपटीने जातो, पण तेव्हा बजेट दुसऱ्या प्रकल्पाचं असतं, त्यामुळे कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. पाच वर्षांपूर्वीचा चांगला चालणारा मोबाइल भंगारात का जातो याच्या अनेक कारणांत हेही एक आहे. त्याचा कॅमेरा, पडदा, चार्जर कसा जोडलाय याची वाचता येईल अशी नोंद कंपनीने बाहेर ठेवलेली नसते. पोस्टमार्केटओएससारखे स्वयंसेवी प्रकल्प २०१७ पासून जुने फोन पुन्हा उभे करायला झटताहेत, आणि त्यांची बरीच शक्ती अशा नोंदी नव्याने शोधण्यात खर्च होते.

मराठी किंवा उर्दू माध्यमातून शिकून, पॉलिटेक्निक करून या क्षेत्रात आलेल्या मुलांना मी तर बाइंडिंगपासूनच सुरुवात करायला सांगतो. भारी इंग्रजी लागत नाही, उलट नको असतं. ‘या पिनेवरून व्यत्यय येतो’ एवढं साधं वाक्य पुरतं. एखादी जुनी मजकुराची फाइल घ्या, तिची चिप शोधा, डेटाशीट वाचा, ती चिप वापरणारे बोर्ड कर्नलमध्ये कोणते ते पाहा आणि नव्या रचनेत लिहून पाठवा. महागडा बोर्ड विकत घ्यावा लागत नाही. ओळखपाळख लागत नाही, कोणत्या कॉलेजचे म्हणून कुणी विचारत नाही. आणि स्वीकारलं गेलं की कर्नलच्या इतिहासात तुमचं नाव लागतं. मुलाखतीत हे दाखवता येतं. कुणालाही उघडून पाहता येतं.

दुसरी मागणी खरेदी करणाऱ्यांकडे. मीटर, तिकीट यंत्र, पाणीपुरवठ्याचे नियंत्रक अशा वस्तू सरकार आणि पालिका हजारोंनी घेतात. निविदेत हमीचा काळ असतो, दंडाची कलमं असतात. बोर्डाच्या डिव्हाइस ट्रीचा स्रोत आणि त्यातल्या प्रत्येक खासगी गुणधर्माचं बाइंडिंग माल स्वीकारण्याआधी जमा करा, ते तपासणी साधनातून बिनचूक गेलं पाहिजे, अशी एक ओळ त्यात घालायला कायदा बदलावा लागत नाही. पुरवठादार कुरकुर करतील. पण माहिती त्यांच्याकडे त्या दिवशी असते. पाच वर्षांनी मागितली तर त्यांच्याकडेही नसेल.